फुल फ्रेम कॅमेरा दीड लाखाच्या घरात: जुन्या-नव्यात नेमकं काय बदललं, आणि तालुक्याच्या फोटोग्राफरने घ्यावा का?

लग्नसराई जवळ आली की तालुक्याच्या प्रत्येक फोटो स्टुडिओत एकच चर्चा सुरू होते. कॅमेरा बदलायचा का? गिऱ्हाईक आता 'फुल फ्रेम आहे का?' असं थेट विचारू लागलं आहे. मोबाईलवर चार व्हिडिओ पाहिलेला नवरदेवाचा भाऊसुद्धा सेन्सरवर बोलतो. दुसरीकडे कॅमेऱ्याचा हप्ता म्हणजे चेष्टा नाही. एका सीझनला पाऊस लवकर आला, पिकाला भाव मिळाला नाही, लग्नं साधेपणाने झाली, तरी हप्ता थांबत नाही.

अशा वेळी 'नवीन आहे म्हणून भारी आहे' एवढ्यावर निर्णय घेणं महागात पडतं. म्हणून एका कॅमेऱ्याचं उदाहरण घेऊन ही गोष्ट नीट समजून घेऊया. निकॉन कंपनीने जुलै २०२० मध्ये 'झेड ५' हा फुल फ्रेम मिररलेस कॅमेरा आणला. या प्रकारात पहिलं पाऊल टाकणाऱ्यांसाठी तो होता. एप्रिल २०२५ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती 'झेड ५ टू' आली. अमेरिकेत जुन्याची सुरुवातीची किंमत साधारण १,४०० डॉलर होती, नव्याची १,७०० डॉलर. आपल्याकडे नवा कॅमेरा, भिंग सोडून नुसती बॉडी, दीड लाखाच्या घरात जातो. दुकान आणि सणाची सवलत यानुसार थोडं कमी-जास्त होतं.

फुल फ्रेम म्हणजे काय?

कॅमेऱ्यात प्रकाश पकडणारी जी चकती असते, तिला सेन्सर म्हणतात. जुन्या रोलच्या कॅमेऱ्यात फिल्मची एक फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटरची असायची. तेवढ्याच मापाचा सेन्सर म्हणजे फुल फ्रेम. स्वस्तातल्या बहुतेक डीएसएलआरमध्ये यापेक्षा लहान सेन्सर असतो. त्याला फोटोग्राफर मंडळी 'क्रॉप सेन्सर' म्हणतात. क्षेत्रफळ मोजलं तर फुल फ्रेम त्याच्या सव्वादोन पटींहून मोठा भरतो. बहुतेक मोबाईलच्या मुख्य सेन्सरपेक्षा तर तो दहा पटींहून मोठा आहे.

पावसाचं पाणी धरायला परात ठेवली आणि वाटी ठेवली, तर परातीत जास्त पाणी साठणारच. प्रकाशाचंही तसंच आहे. मंडपात उजेड कमी असला की मोठ्या सेन्सरला जास्त प्रकाश मिळतो, आणि फोटोत दाणे कमी दिसतात. पाठीमागचं दृश्य मऊ, धूसर करणंही सोपं जातं.

आणि मिररलेस?

डीएसएलआर कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे एक आरसा असतो. फोटोग्राफर त्या आरशातून पाहतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि मग सेन्सरवर प्रकाश पडतो. तो 'खटॅक' आवाज त्याचाच. मिररलेसमध्ये हा आरसाच काढून टाकला आहे. सेन्सर सतत समोरचं दृश्य पाहत असतो आणि डोळ्याला लावायच्या खिडकीत एक छोटी स्क्रीन असते.

याचे दोन मोठे फायदे आहेत. फोटो उजळ येणार की काळा, हे बटण दाबायच्या आधीच दिसतं. दुसरं म्हणजे, सेन्सर सतत पाहत असल्यामुळे कॅमेरा माणसाचा चेहरा, डोळा शोधून त्यावर फोकस धरून ठेवू शकतो. तोटाही आहे. स्क्रीन आणि सेन्सर सतत चालू राहिल्याने बॅटरी डीएसएलआरपेक्षा लवकर संपते.

सुधारणा पहिली: सेन्सर आणि प्रोसेसर

जुन्या झेड ५ मध्ये २४.३ मेगापिक्सेलचा सेन्सर होता, नव्यात २४.५ मेगापिक्सेलचा आहे. म्हणजे आकड्यात काहीच वाढ नाही. बदल आहे तो रचनेत. जुन्या सेन्सरमध्ये वायरिंगचा थर वरच्या बाजूला होता आणि प्रकाश पकडणारा भाग त्याखाली. नव्यात वायरिंग मागे गेलं आहे. पिकावरून तारांचं जाळं ओढलं तर थोडी सावली पडते, त्याच तारा जमिनीखालून नेल्या तर पिकाला सगळं ऊन मिळतं, तसा हा प्रकार.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दिवसाच्या चांगल्या उजेडात जुन्या आणि नव्या कॅमेऱ्याचे फोटो शेजारी ठेवले, तर बहुतेकांना फरक ओळखता येणार नाही. जुना सेन्सरही चांगलाच होता. खरा फरक पाडतो तो प्रोसेसर. जुन्यात 'एक्स्पीड ६' होता, नव्यात 'एक्स्पीड ७' आहे. हाच प्रोसेसर कंपनीच्या 'झेड ९' आणि 'झेड ८' या महागड्या कॅमेऱ्यांत वापरला जातो. पुढच्या बहुतेक सुधारणा याच्यामुळेच शक्य झाल्या.

मेगापिक्सेल पुरेसे आहेत का, असा प्रश्न हमखास येतो. या कॅमेऱ्याचा फोटो ६०४८ बाय ४०३२ पिक्सेलचा येतो. छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरले, तर २० बाय १३ इंचाचा फोटो निर्धास्त छापता येतो. १२ बाय ३६ च्या अल्बमसाठी हे भरपूर झालं.

सुधारणा दुसरी: अंधारातला फोकस

लग्नाच्या कामात सर्वांत मोठा फरक इथे जाणवतो. अंधार असला की जुना कॅमेरा फोकससाठी चाचपडायचा. नव्या कॅमेऱ्याची फोकसची क्षमता उणे १० ईव्हीपर्यंत आहे, असं कंपनी सांगते. म्हणजे जवळजवळ काळोख. पण यात एक अट आहे. हा आकडा एफ १.२ इतक्या मोठ्या तोंडाच्या महागड्या भिंगासोबतचा आहे. साध्या भिंगावर तेवढी अपेक्षा ठेवू नये. तरीही जुन्यापेक्षा फरक मोठा आहे, हे नक्की.

नवा कॅमेरा नऊ प्रकारचे विषय आपोआप ओळखतो. माणूस, कुत्रा, मांजर, पक्षी, सायकल, मोटारसायकल, चारचाकी, रेल्वे आणि विमान. या यादीत बैल नाही! त्यामुळे बैलगाडा शर्यतीचं किंवा पोळ्याचं काम करणाऱ्यांनी आपोआप ओळखण्यावर विसंबून राहू नये. त्यांच्यासाठी 'थ्रीडी ट्रॅकिंग' हा पर्याय आहे. बैलाच्या कपाळावर किंवा शिंगांच्या मधोमध एकदा फोकस धरला की कॅमेरा रंग आणि आकार पाहून त्याचा पाठलाग करतो.

सुधारणा तिसरी: वेग

जुना झेड ५ सेकंदाला साडेचार फोटो काढायचा. नवा रॉ फाईलमध्ये सेकंदाला ११ फोटो काढतो. जेपीईजीत आणखी वेगवान, ३० फोटोंपर्यंतचा पर्याय आहे. त्यातच 'प्री-रिलीज कॅप्चर' नावाची सोय आहे. बटण अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा आतल्या आत फोटो घेत राहतो, आणि पूर्ण दाबल्यावर त्याआधीच्या एका सेकंदापर्यंतचे फोटोही जपून ठेवतो.

अंतरपाट दूर होतो तो क्षण आठवावा. भटजींचं शेवटचं 'सावधान', वाजंत्री, अक्षता, आणि नवरा-नवरीची पहिली नजर. हे सगळं दोन-तीन सेकंदांत उरकतं. 'अंतरपाट परत धरा' असं सांगता येत नाही. तिथे ही सोय कामाची आहे.

मात्र ३० फोटोंच्या वेगात पडदा म्हणजे शटर यांत्रिक नसतं, इलेक्ट्रॉनिक असतं. या सेन्सरवरचं चित्र ओळीओळीने वाचलं जातं. त्यामुळे हॉलमध्ये एलईडीचे दिवे असतील तर फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात, आणि धावत्या गाड्याचं चाक तिरकं दिसू शकतं. अशा ठिकाणी यांत्रिक शटर वापरणं शहाणपणाचं.

सुधारणा चौथी: हाताची थरथर

दोन्ही कॅमेऱ्यांत सेन्सर आतल्या आत हलून हाताची थरथर भरून काढतो. जुन्यात ही क्षमता पाच स्टॉपची होती, नव्यात साडेसात स्टॉपपर्यंत गेली आहे. एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येणं. हे आकडे प्रयोगशाळेतल्या चाचणीचे असतात, मांडवातल्या धक्काबुक्कीत तेवढं मिळत नाही. तरी देवळाचा गाभारा, दीपमाळ, रात्रीचा रोषणाई केलेला वाडा, असे फोटो स्टँडशिवाय काढता येतात.

इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. ही सोय फोटोग्राफरचा हात स्थिर करते, समोरच्याचा नाही. हळदीत नाचणारी मंडळी हललेली यायची ती येणारच. त्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या सव्वाशेव्या भागापेक्षा कमी ठेवून चालत नाही. नाच जोरात असेल तर त्याहून जास्त लागतो.

सुधारणा पाचवी: व्हिडिओ

जुन्या झेड ५ ची खरी दुखरी नस ही होती. त्यात फोर-के व्हिडिओ काढताना कडा कापल्या जायच्या आणि चित्र १.७ पट जवळ यायचं. म्हणजे २४ मिलिमीटरचं रुंद भिंग लावलं तरी ते सुमारे ४१ मिलिमीटरसारखं वागायचं. घराच्या लहानशा खोलीत, देव्हाऱ्यासमोर, पाठ भिंतीला टेकली तरी सगळी माणसं बसायची नाहीत.

नव्यात सेकंदाला ३० फ्रेमचा फोर-के व्हिडिओ पूर्ण रुंदीने निघतो. सेकंदाला ६० फ्रेमचा फोर-केही मिळतो, त्याचा उपयोग स्लो मोशनला होतो. पण तिथे दीडपट कापणी आहेच. रंगकाम करणाऱ्यांसाठी १० बिटचं लॉग रेकॉर्डिंग आहे. स्क्रीन बाजूला उघडून पूर्ण फिरते, त्यामुळे गर्दीत हात वर करून, जमिनीलगत किंवा रीलसाठी उभा कॅमेरा धरून काम करता येतं. जुन्यात ती फक्त वर-खाली व्हायची. डोळ्याची खिडकीही जास्त उजळ झाली आहे, मे महिन्याच्या उन्हात त्याचा फायदा कळतो.

न बदललेली, पण मोलाची गोष्ट

दोन्ही कॅमेऱ्यांत एसडी कार्डचे दोन खाचे आहेत. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर साठवता येतो. एक कार्ड खराब झालं तरी दुसरं शिल्लक राहतं. ज्याने कार्ड उडाल्यावर वधूपित्याला तोंड दिलं असेल, त्याला याची किंमत सांगायला नको. गावात एकदा 'याने लग्नाचे फोटो घालवले' असं नाव झालं, की पंचक्रोशीतली कामं जातात.

तुलनेसाठी कॅननचा 'आर ८' हा २०२३ चा कॅमेरा पाहता येईल. तोही याच गटातला. वजन फक्त ४६१ ग्रॅम, ६० फ्रेमचा फोर-के व्हिडिओ पूर्ण रुंदीने मिळतो. पण त्यात कार्डाचा खाचा एकच आहे, थरथर रोखणारी सेन्सरची सोय नाही आणि बॅटरी लहान आहे. फिरून रील करणाऱ्याला तो आवडेल, दिवसभर लग्न काढणाऱ्याने मात्र दहा वेळा विचार करावा. झेड ५ टू बॅटरी-कार्डासह साधारण ७०० ग्रॅम भरतो. एकेका गटात सगळंच मिळत नाही, कंपन्या काही ना काही हातचं राखतात.

भिंगाचा हिशेब न करणं ही मोठी चूक

बरेच जण सगळे पैसे बॉडीत घालतात आणि भिंग सोबत मिळेल ते घेतात. जुन्या झेड ५ सोबत २४-५० मिलिमीटरचं छोटं भिंग विकलं जायचं. ५० मिलिमीटरवर त्याचं तोंड एफ ६.३ पर्यंतच उघडतं. ५० मिलिमीटर एफ १.८ चं भिंग त्यापेक्षा सुमारे १२ पट जास्त प्रकाश आत घेतं. आणि क्रॉप सेन्सरऐवजी फुल फ्रेम घेतल्याने मिळणारा फायदा किती? सव्वादोन पटींच्या आसपास.

म्हणजे दीड लाखाची बॉडी आणि किट भिंग घेऊन मंडपात गेलेला फोटोग्राफर, जुन्या क्रॉप कॅमेऱ्यावर एफ १.८ चं भिंग लावलेल्या दुसऱ्या फोटोग्राफरच्या मागे पडू शकतो. कमी उजेडात आधी भिंग, मग बॉडी, हा क्रम ध्यानात ठेवावा. निकॉनच्या झेड मालिकेत ४० मिलिमीटर एफ २ हे अवघ्या १७० ग्रॅमचं साधं भिंग आहे. सुरुवातीला तेही बरंच काम भागवतं.

ज्यांच्याकडे निकॉन डीएसएलआरची जुनी भिंगं आहेत, त्यांच्यासाठी 'एफटीझेड' नावाचा अडॅप्टर मिळतो. 'एएफ-एस' आणि 'एएफ-पी' लिहिलेली भिंगं त्यावर ऑटोफोकससह चालतात. पण ५० एमएम १.८ डी सारखी 'डी' मालिकेतली जुनी भिंगं, जी अनेक स्टुडिओंत आजही आहेत, त्यांत स्वतःची मोटर नसते. ती अडॅप्टरवर बसतात, मात्र फोकस हाताने करावा लागतो. नवा कॅमेरा घेण्याआधी घरातल्या प्रत्येक भिंगावरची अक्षरं वाचून घ्यावीत.

खर्च किती, वसुली कशी?

उदाहरणादाखल हिशेब करू. बॉडी, एक बरं भिंग, जादा बॅटरी आणि दोन चांगली कार्डं मिळून समजा २ लाख १६ हजार रुपये लागले. वर्षाला २० लग्नं मिळतात आणि कॅमेरा तीन वर्षं वापरायचा, असं धरलं तर ६० लग्नं झाली. प्रत्येक लग्नामागे कॅमेऱ्याचाच खर्च ३,६०० रुपये पडला. त्यात मदतनीस, पेट्रोल, एडिटिंग, अल्बम आणि दुरुस्ती धरलेली नाही. नव्या कॅमेऱ्यामुळे एका लग्नामागे तेवढे पैसे जास्त मिळणार असतील, किंवा कामं वाढणार असतील, तरच व्यवहार जमतो.

हप्त्यावर घेताना 'नो कॉस्ट' हा शब्द पाहून हुरळून जाऊ नये. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बऱ्याचदा वेगळा लागतो. एकूण किती रुपये जाणार, हे कागदावर लिहून घ्यावं. पक्कं बिल घ्यावंच. जीएसटी नोंदणी असेल तर कॅमेऱ्यावर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळू शकतं, त्यासाठी बिलावर आपला नंबर हवा. 'इम्पोर्टेड पीस आहे, बिलाशिवाय वीस हजार स्वस्त देतो' असं कोणी म्हटलं तर सावध राहावं. भारतातली वॉरंटी नसली, तर एका दुरुस्तीत तो फायदा निघून जातो.

कॉम्प्युटरचाही विचार हवा. रॉ फाईल एकेक २५ ते ३० एमबीची होऊ शकते. एका लग्नात ३,००० फोटो काढले तर ७५ ते ९० जीबी झाले. जुना लॅपटॉप आणि भरलेली हार्डडिस्क असेल तर नवा कॅमेरा डोकेदुखी वाढवतो.

कोणी घ्यावा, कोणी थांबावं?

* क्रॉप सेन्सरचा जुना डीएसएलआर, पण भरपूर लग्नं: अशांना फरक लगेच जाणवेल. अंधारातला फोकस, दोन कार्डं आणि व्हिडिओ, तिन्हींचा उपयोग आहे.
* जुना झेड ५ असलेले: काम मुख्यतः फोटोचं असेल तर घाई नको, त्या पैशात चांगलं भिंग घ्यावं. व्हिडिओचं काम वाढलं असेल तर बदल योग्य ठरतो.
* नुकतीच सुरुवात करणारी मुलं: पहिलाच कॅमेरा कर्ज काढून घेऊ नये. एखाद्या अनुभवी फोटोग्राफरसोबत एक सीझन काढावा. मोठ्या शहरांत कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात, दोन-तीन कामं भाड्यावर करून पाहावीत.
* घरगुती वापर, सहल, वाढदिवस: हातातला मोबाईल पुरेसा आहे.

धूळ, हळद आणि गुलाल

मिररलेसमध्ये आरसा नसल्याने भिंग काढलं की सेन्सर थेट उघडा पडू शकतो. जेजुरीचा भंडारा, जोतिबाचा गुलाल किंवा हळदीच्या मांडवात भिंग बदलू नये. बदलायचंच असेल तर आडोशाला जावं, कॅमेरा बंद करावा, तोंड खाली धरावं आणि नवं भिंग चटकन बसवावं. फुंकर मारून सेन्सर साफ करू नये, थुंकीचे थेंब उडतात. रबरी फुग्याचा ब्लोअर वापरावा. किमान दोन जादा बॅटऱ्या जवळ असाव्यात. हा कॅमेरा यूएसबी-सी वायरने चार्ज होतो, त्यामुळे वरातीच्या गाडीतही चार्जिंग करता येतं.

खरेदीला जाताना स्वतःचं कार्ड सोबत न्यावं. दुकानाच्या झगझगीत काउंटरवर सगळेच कॅमेरे चांगले वाटतात. म्हणून दुकानातल्याच एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात, चालत्या माणसाचे पन्नास फोटो काढावेत. ते घरी आणून मोठ्या स्क्रीनवर डोळे स्पष्ट आलेत का ते पाहावं आणि मग पैसे मोजावेत.